थ्रॉटलचा सेन्सर कसा पारखावा : पुनावळ्याच्या एका मोटारीचा अनुभव

गेल्या पौष महिन्यांत आमच्या मंडळाचे एक जुने सभासद सायंकाळीं कचेरींत येऊन बसले, आणि ऊंस, पाणी, मजुरी यांपैकीं एकाही विषयास हात न घालतां एकदम म्हणाले, “पुतण्याची मोटार विकून टाकावयाची आहे. कोणी गिऱ्हाईक पाहण्यांत असेल तर सांगा.” हे गृहस्थ पुनावळ्याचे. गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत गेलें तेव्हांपासून त्यांच्या शिवाराचे तुकडे होत गेले. कांहीं जमीन रस्त्यांत गेली, कांहीं इमारतींखालीं, आणि पवनेच्या अंगास जो थोडा तुकडा उरला आहे त्यांतला ऊंस ते अद्याप कासारसाईच्या संत तुकाराम सहकारी साखर कारखान्यास घालतात. थोरल्या भावाच्या हिश्शाचे जे पैसे आले, त्यांतून पुतण्यानें दोन आसनांची, परदेशी बनावटीची एक जुनी क्रीडा-मोटार घेतली होती. तीवरून घरांत बोलणें व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. विकण्याचें कारण तें नव्हतें.

कारण असें कीं, महामार्गाखालील पुनावळ्याच्या भुयारी मार्गांतून निघून सेवा-रस्त्यास लागतांना मुलानें पेडल हलकेंच दाबलें, आणि गाडीनें पुढें झेप घेण्याऐवजीं श्वास कोंडल्यासारखें केलें. एक-दोन क्षण इंजिन असून नसल्यासारखें. तेवढ्यांत खडीचा एक डंपर उजवीकडून आला, त्याच्या चालकानें करकचून ब्रेक लावला म्हणून बरें. शेजारच्या आसनावर मुलाची आई बसली होती. त्या दिवसापासून ती त्या गाडींत पाऊल ठेवीत नाहीं, आणि चुलत्यांनीं गाडी दारांत नको म्हणून सांगितलें.

शेतकीच्या मासिकांत क्रीडा-मोटारीचें काय काम, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. ज्या घरांत बैलगाड्याच्या शर्यतीची हौस पिढीजात आहे, त्या घरच्या पोरानें वेगवान गाडी घेतली तर त्यांत नवल तें काय, असें एक उत्तर देतां येईल. या शर्यती २०१४ सालीं बंद पडल्या व २०२१ च्या डिसेंबरांत पुन्हा सुरू झाल्या. मधल्या वर्षांत ही हौस कोठें गेली हें आमच्या पट्ट्यांतील रस्त्यांवर पाहावयास मिळे. परंतु खरें उत्तर निराळें आहे. त्या मोटारींत जो लहानसा भाग बिघडला होता, त्याचीच भावंडें आज दूध नेणाऱ्या पिकअपमध्यें, भाजी घेऊन पिंपरीच्या मंडईस जाणाऱ्या छोट्या टेम्पोमध्यें आणि नव्या मोठ्या ट्रॅक्टरांतही बसलेलीं आहेत. त्यांची परीक्षा करण्याची रीत जवळजवळ एकच आहे. आणि ती ठाऊक नसल्यामुळें पैसा कसा जातो, तें या घरानें पाहिलें.

मुलाकडील बिलें आम्हीं मागून घेतलीं. तीन महिन्यांत शहरांतील एका गॅरेजांत प्रथम स्पार्क प्लग बदलले, मग इग्निशन कॉइल, मग पेट्रोलचा पंप व फिल्टर. मिळून अडतीस हजार रुपये झाले, आणि गाडीचा धक्का जसाच्या तसा. शेवटीं स्कॅनर लावला तेव्हां ‘पी ०१२२’ हा संकेत निघाला. त्यावर मेस्त्रींनीं सगळी थ्रॉटल बॉडीच परदेशांतून मागवावी लागेल, तिला एक लाख पंधरा हजार पडतील, आणि तेवढ्यानेंही न भागल्यास संगणक बदलूं, असें सांगितलें. ‘न भागल्यास’ हा शब्द ऐकून चुलते उठून आले होते. ऊंसाच्या बिलाच्या आशेवर कोणी ‘न भागल्यास’ म्हणून लाखाची खरेदी करीत नाहीं.

“नाना, विकायची तर विका,” असें पुतण्या त्यांस म्हणाला होता, “पण घेणाऱ्याला काय सांगूं? रस्त्यांत बंद पडते म्हणून सांगूं, कीं न सांगतां विकूं?” या प्रश्नास चुलत्यांपाशीं उत्तर नव्हतें. आम्हांस त्या मुलाचा हा प्रश्न आवडला, आणि पुढच्या रविवारीं आम्ही पुनावळ्यास गेलों.

येथें थोडें थांबून, हा सेन्सर म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनास जी हवा लागते, ती एका नळींतून आंत जाते व त्या नळींत पाटाच्या दारासारखी एक वाटोळी झडप असते. पेडल दाबलें कीं झडप उघडते. पूर्वीं कार्बुरेटर होता तेव्हां हवेच्या ओढीनेंच पेट्रोल मागोमाग येई, आणि पेडल एकदम दाबल्यास एक लहानसा पिचकारीवजा पंप जादा पेट्रोलची धार सोडी. आतां पेट्रोल किती सोडावयाचें हें इंजिनाचा संगणक ठरवितो; पण संगणकास डोळे नाहींत. दार किती उघडलें हें त्याला दाराशीं उभ्या असलेल्या पाटकऱ्यानें ओरडून सांगावें लागतें. तो पाटकरी म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर. मोटारींत ही कल्पना फार नवी नाहीं. जर्मनींतील बॉश कंपनीनें १९६७ सालीं विजेनें पेट्रोल सोडण्याची जी पद्धत फोक्सवागेनच्या मोटारींत आणली, तींतही झडपेच्या दांड्यास अशी खबर देणारा विजेचा स्विच होता. तीच फोक्सवागेन २००९ सालीं चाकणास कारखाना घालून आमची शेजारीण झाली.

जुन्या जातीच्या सेन्सरांत कार्बनची एक वळणदार पट्टी असते आणि तिच्यावरून झडपेबरोबर फिरणारा एक बारीक स्पर्शक घासत जातो. पट्टीच्या एका टोकास संगणकाकडून ५ व्होल्टांचा दाब येतो, दुसरें टोक अर्थला जोडलेलें असतें. विहिरीवरील पंपाची लांब पाइपलाइन डोळ्यांपुढें आणावी. पंपाजवळ दाब सर्वांत अधिक, शेवटच्या उघड्या तोंडाशीं तो नाहींसा झालेला. मध्यें जेथें नळ काढावा तेथें त्या त्या जागेप्रमाणें दाब मिळतो. स्पर्शक म्हणजे हा सरकता नळ. झडप बंद असतां तो सुमारें अर्धा व्होल्ट दाखवितो, पूर्ण उघडतां साडेचारांच्या आसपास. या दोन्हीं आंकड्यांत गाडीगणिक थोडा फरक असतो. वरखालीं अर्धा-अर्धा व्होल्ट मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो; कारण तार तुटली तर शून्य दिसेल, एकमेकींस चिकटली तर पांच दिसतील, आणि दोन्हीं आंकडे खरे असूंच शकत नाहींत हें संगणक ओळखील.

यावरूनच संकेतांचा अर्थ लागतो. ‘पी ०१२२’ म्हणजे दाब फार कमी, ‘पी ०१२३’ म्हणजे फार अधिक, ‘पी ०१२१’ म्हणजे आंकडा शक्य कोटींतला पण इंजिनाच्या इतर लक्षणांशीं न जुळणारा, आणि ‘पी ०१२४’ म्हणजे मधूनमधून चुकणारा. आमच्या मतें सर्वांत मोठी चूक येथें होते. संकेत निघाला कीं सेन्सर बिघडला असें समजून लोक सेन्सर, नव्हे सगळी थ्रॉटल बॉडी, बदलावयास निघतात. संकेत एवढेंच सांगतो कीं संगणकापर्यंत आलेली खबर चुकीची आहे. पाटकरी खोटें बोलला, कीं त्याचा आवाज वाटेंत हरवला, कीं त्याच्या पायाखालची जमीनच खचली होती, हें संकेतास ठाऊक नसतें. सेन्सरास तीन तारा असतात, आणि तिन्ही पाहिल्यावांचून त्यास दोष देणें हा अन्याय होय.

तर आम्हीं पाहिल्या. किल्ली फिरविली, इंजिन बंद ठेवलें. सॉकेट सेन्सरपासून सोडवून त्यांतील येणारा दाब मोजला, ५.०२ व्होल्ट, म्हणजे संगणक आपलें काम करीत होता आणि तार शाबूत होती. सॉकेट पुन्हा बसवून इंजिन चालू केलें, दिवे आणि पंखा लावला, व मीटरचें एक टोक सेन्सरच्या अर्थच्या तारेस, दुसरें बॅटरीच्या ऋण टोकास लावलें. येथें दहावा भाग व्होल्टापेक्षां अधिक दिसल्यास अर्थ खराब समजावा, आम्हांस ०.०२ दिसला. तारांचा जुडगा हातानें हलवून पाहिला, पिळून पाहिला. उंदरानें कुरतडल्याची खूण कोठें नव्हती. हें आम्ही विशेष पाहतों, कारण ज्या वखारींत धान्याचीं पोतीं असतात तेथेंच गाडी लावण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि उंदरास दोन्हीं सारखींच गोड लागतात.

यानंतर खबरेची तार. बारीक टांचणी सॉकेटच्या पाठीमागून तारेलगत आंत सारून तिला मीटर लावावा. तारेचें आवरण टोंचूं नये, तेथून पुढें पाणी शिरतें व वर्षभरानें नवा बिघाड उत्पन्न होतो. आणि ५ व्होल्टांची तार दुसऱ्या कोणत्याही तारेस चुकूनही टेकूं देऊं नये. बॅटरीवर पेटणारा टेस्ट-लॅम्प तर या तारांजवळ आणूंच नये. आंकडा बंद झडपेस ०.४८, पूर्ण उघडल्यावर ४.४, मध्यें चढता. पेडल तीन-चार वेळां दाबून पाहिलें, सर्व ठीक. सेन्सर निर्दोष आहे असें आम्हीं जवळजवळ जाहीरच केलें.

ही आमची चूक होती, आणि ती सांगणें भाग आहे. अंकांचा मीटर सेकंदांत मोजक्याच वेळां आंकडा बदलतो. पेडल झपकन दाबलें तर मधला क्षणभराचा खळगा त्याच्या दोन आंकड्यांच्या फटींतून निसटून जातो. शिवाय इंजिन थंड होतें. परत निघण्यापूर्वीं चहा घेतांना मुलगा म्हणाला, “धक्का बसतो तो नेहमीं थोडं पेडल दाबलं कीं. जोरांत दाबलं तर गाडी चांगली पळते.” हें वाक्य आम्हीं आधीं विचारून घ्यावयास हवें होतें. जनावर आजारी असतां वैद्य प्रथम गुराख्यास विचारतो. मोटारीच्या बाबतींत आम्ही यंत्रास आधीं विचारलें आणि चालविणाऱ्यास मागाहून.

गांवांतील गाडी कोठें चालते? भुयारी मार्गाच्या रांगेंत, सेवा-रस्त्यावर, हिंजवडीकडे जाणाऱ्या गर्दींत. तेथें झडप कधीं चौथाईपलीकडे उघडत नाहीं. म्हणजे ताशीं दोनशें मैलांच्या गप्पा मारणाऱ्या या गाडीच्या सेन्सरची पट्टी एवढ्याशा अंतरांतच हजारों वेळां घासली गेली होती. बैल घाण्याभोंवतीं फिरून जेथें जमीन खणतो तेथेंच ती खचते.

दुपारीं नानांच्या पंपाच्या खोपटांतून त्यांचा जुना काट्याचा मीटर काढला. मोटार जळाली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून तो तेथें खुंटीस टांगलेला असे. गाडी अर्धा तास फिरवून आणली, मीटर १० व्होल्टांच्या पट्ट्यावर ठेवला, आणि इंजिन बंद करून, किल्ली चालू ठेवून, मुलास सांगितलें कीं पेडल इतकें सावकाश दाब कीं पूर्ण दाबावयास मनांत वीस अंक मोजून व्हावेत. काटा अर्ध्यावरून निघाला, एक व्होल्ट ओलांडला, आणि सव्वाच्या जरा अलीकडे असतां एकदम खालीं कोसळून शून्यास टेकला. पेडल केसभर पुढें जातांच पुन्हा आपल्या जागीं आला व तेथून साडेचारांजवळ बिनबोभाट चढला. पेडल सोडतांना परत त्याच जागीं कोसळला. नानांस विजेचें कांहीं कळत नाहीं, पण काटा पडलेला त्यांस दिसला. ते म्हणाले, “हीच ती जागा.”

त्या क्षणीं संगणकास वाटे कीं झडप बंद झाली. चालत्या गाडींत झडप बंद म्हणजे पेट्रोल तोडा, असा त्याचा नियम. तो बिचारा नियमानेंच वागत होता. प्लग, कॉइल, पंप यांचा यांत सुतराम संबंध नव्हता.

पक्की खात्री म्हणून किल्ली बंद करून सॉकेट काढलें व सेन्सरचा अवरोध मोजला. बाहेरच्या दोन टोकांमध्यें तो सुमारें चार किलोओम, झडप कशीही फिरविली तरी स्थिर. म्हणजे पट्टी अखंड. मधलें टोक आणि एक बाहेरचें टोक यांमध्यें तो झडपेबरोबर सरळ बदलावयास हवा. पण त्याच जागीं काटा अनंताकडे उडाला. दोन निराळ्या परीक्षा एकच जागा दाखवूं लागल्या म्हणजे मग पैसे खर्चावयास हरकत नाहीं.

पुढचें काम थोडक्यांत सांगण्याजोगें आहे. सेन्सर थ्रॉटल बॉडीस दोन स्क्रूंनीं लावलेला असून सुटा मिळतो, ही गोष्ट मुलास कोणीं सांगितलीच नव्हती. पुण्यास नाना पेठेंतील सुट्या भागांच्या दुकानांतून त्याच मोजमापाचा, तीन टोकांचा सेन्सर सव्वीसशें रुपयांस मिळाला. स्क्रूंचीं भोंकें लांबट असल्यामुळें बसवितांना तो थोडा फिरवितां येतो. झडप बंद असतां गाडीच्या पुस्तकांत दिलेला दाब येईपर्यंत फिरवून मग स्क्रू आवळले. झडपेच्या कडेचा काळा थर कापडानें पुसून काढला, पेडलच्या केबलला जेवढी ढील हवी तेवढीच आहे हें पाहिलें, जुना संकेत स्कॅनरनें पुसून टाकला. काटा या वेळीं खालपासून वरपर्यंत कोठेंही न अडखळतां गेला.

आतां आमच्या वाचकांच्या दारांतील वाहनांविषयीं. पुतण्याच्या गाडींत पेडलपासून झडपेपर्यंत लोखंडी केबल होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, त्यानंतरच्या बहुतेक चारचाकींत ती केबल उरलेली नाहीं. पेडलपाशीं सेन्सर, आणि पेट्रोलच्या गाडींत झडपेपाशींही सेन्सर व झडप फिरविणारी एक लहान मोटर. अशा गाडींत प्रत्येक ठिकाणीं एकाऐवजीं दोन सेन्सर एकाच डबींत असतात. कांहीं गाड्यांत एकाचा आंकडा चढतो तसा दुसऱ्याचा उतरतो, कांहींत दुसरा पहिल्याच्या निम्मा चालतो. दोघांच्या साक्षी जुळेनाशा झाल्या कीं ‘पी २१३५’ यासारखा संकेत लागतो आणि संगणक गाडीचा वेग मुद्दाम मारून ती कशीबशी घरीं पोंचेल एवढीच शक्ति देतो. भर चढावर दुधाची गाडी अशी मंदावली तर ती बंद पडली असें समजून गोंधळूं नये. कडेस घेऊन दोन्हीं खबरा मोजाव्या. या गाड्यांत किल्ली चालू असतां झडपेंत बोट घालूं नये. मोटर ती एकदम मिटवूं शकते आणि बोटास गंभीर इजा होते.

शिवाय बऱ्याच नव्या सेन्सरांत घासणारी पट्टी नसून चुंबकावर चालणारी हॉल जातीची रचना असते. तीस अवरोधाची परीक्षा लागू नाहीं, ओममीटर तिला लावूंच नये. येणारा दाब, अर्थ आणि चढती खबर या तीनच गोष्टी पाहाव्या. ती घासून झिजत नाहीं, पण तिच्या सॉकेटांत पाणी शिरतें. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस ट्रेम-चार हे नियम लागू झाले. अशा इंजिनांत डिझेल संगणक सोडतो, आणि पेडलला, कांहीं ट्रॅक्टरांत हाताच्या दांड्यालाही, असेच सेन्सर आहेत. ऊंसाची वाहतूक संपली कीं ट्रॅक्टर उच्च दाबाच्या पंपानें धुण्याची जी पद्धत पडली आहे, तिनें या सॉकेटांचें जितकें नुकसान होतें तितकें चिखलानेंही होत नसेल. ट्रॅक्टरास किंवा त्यास जोडलेल्या ट्रॉलीस वेल्डिंग करावयाचें असल्यास ट्रॅक्टरच्या बॅटरीचीं टोकें आधीं सोडावीं, हेंही याच ओघांत सांगून ठेवतों.

वेल्डिंगवाल्यापासून सेन्सरवाल्यापर्यंत आमच्या पट्ट्यांत कारागिरांची वाण नाहीं. मर्सिडीझची एएमजी जातीची गाडी २०२० सालीं प्रथम चाकणास जुळविली गेली, आणि आपल्याच घरचीं पोरें अशा कारखान्यांत कामास जातात. वाण आहे ती मोजण्यापूर्वीं न बोलणाऱ्या माणसाची.

नानांनीं गाडी विकली नाहीं. मुलाच्या आईस मात्र अद्याप तींत बसावयाचें नाहीं, आणि तिला कोणीं आग्रह करूं नये असें आम्हांस वाटतें. जुना सेन्सर आम्हीं मुलाकडून मागून घेतला व करवतीनें कापून उघडला. कार्बनच्या पट्टीवर, आरंभापासून बोटाच्या पेराएवढ्याही अंतरावर नाहीं अशा जागीं, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा पांढरा डाग पडलेला नुसत्या डोळ्यांस दिसतो. तो मंडळाच्या कचेरींत टेबलावर ठेवला आहे, आणि काट्याचा मीटरही महिनाअखेरपर्यंत नानांनीं तेथें राहूं दिला आहे. पाहावयाचा असेल त्यानें दुपारीं यावें.